डोंगरापाशी थबकलेलं वादळ

कोलोराडोत रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर जुलैचा दिवस बहुतेक वेळा ठरल्याप्रमाणे जातो. सकाळी आभाळ लख्ख असतं. दहाच्या पुढे उंच शिखरांवर पांढरे ढग धरू लागतात, बारापर्यंत ते चांगलेच उंच होतात आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास पहिला गडगडाट ऐकू येतो. म्हणूनच 4346 मीटर उंचीच्या लाँग्ज पीकवर जाणारे गिर्यारोहक रात्री दोन-तीनलाच चालायला लागतात. दुपार व्हायच्या आत माथा सोडायचा, हा तिथला अलिखित नियम आहे. मग वीज कडाडते, अर्धा तास पाऊस आणि गारा कोसळतात, वरचे पश्चिमी वारे ढगाला मैदानाकडे रेटतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं शांत होतं.

असल्या दिवसाचा अंदाज देणं अवघड नाही. ‘दुपारनंतर डोंगराळ भागात मेघगर्जनेसह पाऊस’ हे वाक्य उन्हाळाभर रोज लिहिलं तरी ते फारसं चुकणार नाही. अवघड दिवस निराळे असतात. त्या दिवशीही सकाळ अशीच लख्ख असते, ढगही त्याच वेळी धरतात, फक्त वादळ उठल्यावर जागचं हलत नाही. अर्ध्या तासात उरकायचा पाऊस तीन-चार तास त्याच दोन-चार ओढ्यांवर ओतत राहतो. डोंगरालगतच्या अचानक पुरांचा इतिहास म्हणजे बहुतांशी अशा मोजक्या संध्याकाळींचा इतिहास आहे. वादळ किती जोराचं होईल, याआधी ते एका जागी किती वेळ ठाण मांडून बसेल हे विचारायला हवं. या विषयाचा अभ्यास ज्यांनी उभा केला, त्यांना हा प्रश्नांचा क्रम फार मोठी किंमत मोजल्यावर सापडला.

ती किंमत बिग थॉम्प्सन नदीच्या घळीत मोजली गेली. एस्टेस पार्क हे पर्यटकांचं गाव आणि मैदानाच्या काठावरचं लव्हलँड, या दोहोंना जोडणारा साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता या घळीतून जातो. दोन्ही बाजूंना उभे खडक, मधे नदी आणि नदीला चिकटून रस्ता, घरं, मोटेल आणि तंबूंच्या जागा. एरवी ही नदी गुडघाभर पाण्याची. मुलं तिच्यात ट्राउट मासे धरायला उतरतात. 31 जुलै 1976 हा शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी कोलोराडो राज्याला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. लांबच्या सुट्टीमुळे त्या संध्याकाळी घळीत अडीच ते साडेतीन हजार माणसं असावीत, असा अंदाज आहे.

साडेसहाच्या सुमारास पाऊस लागला आणि वादळ तिथेच थबकलं. ग्लेन हेवन आणि ड्रेकच्या आसपासच्या डोंगरांवर काही तासांत तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तिथे वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास तीन चतुर्थांश. उतारावर माती थोडी आणि खडक फार, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नव्हती. घळीत काही ठिकाणी पाण्याची उंची सहा मीटरच्या आसपास गेली. घळीच्या तोंडाशी नदीचा प्रवाह सेकंदाला 31,200 घनफुटांवर, म्हणजे सुमारे 883 घनमीटरवर पोचला. त्याआधीच्या कमाल नोंदीच्या तो चौपटीहून अधिक होता. 144 माणसं गेली, 418 घरं नाहीशी झाली. मृतांपैकी काहींचे देह अजूनही सापडलेले नाहीत.

या घटनेतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. घळीच्या खालच्या टोकाला त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हता, आणि नदीच्या उगमाकडेही तो फार नव्हता. मार बसला मधल्या पट्ट्याला. खालच्या भागात माणसं जेवत होती, शेकोटीभोवती बसली होती. सरकारी इशारा तिथल्या बहुतेकांपर्यंत वेळेत पोचला नाही. जो पोचला तो गाड्यांतून दारोदार फिरणाऱ्या पोलिसांच्या तोंडून. राज्य गस्त दलाचे सार्जंट ह्यू पर्डी आणि एस्टेस पार्कचे पोलीस अधिकारी मिशेल कॉनली हे दोघं लोकांना सावध करता करता त्याच पुरात गेले. ज्यांना सांगितलं गेलं त्यांतल्या अनेकांना ते पटलंही नाही, कारण डोक्यावर चांदणं होतं किंवा नुसती भुरभुर होती.

पुराच्या दुसऱ्या दिवसापासून दोन अभ्यास सुरू झाले, एक ढगांचा आणि एक माणसांचा. दोन्ही आजही कामाचे आहेत.

ढगांचा अभ्यास रॉबर्ट मॅडॉक्स, फर्नांडो काराचेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी बिग थॉम्प्सन आणि रॅपिड सिटी या दोन पुरांचे हवामान-नकाशे शेजारी शेजारी मांडले. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या रॅपिड सिटीत त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 9 जून 1972 च्या रात्री, 238 माणसं मेली होती. दोन्ही ठिकाणचं चित्र विलक्षण सारखं निघालं. उत्तरेकडून थंड हवेची एक लाट मैदानावर उतरलेली. तिच्या मागोमाग जमिनीलगत पूर्वेकडून वाहणारा दमट वारा. हा वारा मैदानावरून येऊन डोंगराला भिडतो, त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही, चढता चढता तो निवतो आणि त्यातली वाफ ढगात उतरते. आणि सहा-सात किलोमीटर उंचीवर, जिथल्या वाऱ्यानं एरवी ढगाला हाकलून दिलं असतं, तिथे वाराच मंद.

खालून अखंड पुरवठा आणि वरून ढकलणारं कुणी नाही, अशी ही अवस्था. अशा वेळी एकच ढग चार तास बरसतो असं मात्र घडत नाही. गडगडाटी ढगाचं एकेक गाठोडं साधारण अर्धा-पाऊण तास जगतं आणि हळूहळू पुढे सरकतं. पण दमट वारा जिथे डोंगराला धडकतो तिथेच मागे नवं गाठोडं तयार होतं आणि ते पहिल्याच्या वाटेनं जातं. रहाटाची गाडगी एकामागून एक पुढे जातात आणि पाणी मात्र एकाच पन्हाळीत पडत राहतं, तसा हा प्रकार. पुढे सरकणं आणि मागे नव्यानं धरणं यांचा वेग सारखा झाला, की नकाशावर वादळ स्थिर दिसतं. नंतरच्या काळात हवामानशास्त्रज्ञांनी या दोन वेगांची बेरीज-वजाबाकी करण्याच्या रीती बसवल्या, आणि आज अंदाजकार सकाळीच वाऱ्यांचे आकडे घालून आजचं वादळ ताशी किती किलोमीटरनं सरकेल याचा हिशेब मांडतो. उत्तर पाच-सातच्या आत आलं तर तो सावध होतो.

दुसरा आकडा वाफेचा. जगभर ठरलेल्या वेळी दिवसातून दोनदा हवामान खात्याचे फुगे सोडले जातात. फुग्याखाली लोंबणारी छोटी पेटी वर जाताना तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत राहते, वाऱ्याचा वेग तिच्या वाटेवरून काढतात. त्यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेत एकूण किती वाफ आहे, ती सगळी पाणी होऊन खाली आली तर किती मिलिमीटर भरेल, हे समजतं. समुद्रकाठच्या मुंबईला जून-जुलैत हा आकडा साठ-पासष्टवर गेला तरी कुणाला नवल वाटणार नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटरवर, कोरड्या प्रदेशात. तिथे पंचवीस ओलांडले की हवा दमट समजतात. आकड्याची दहशत त्या जागेच्या सवयीवरून ठरते, हे डोंगरी अंदाजाचं मूळ आहे. वाफ येते ती मुख्यतः कॅलिफोर्नियाचं आखात आणि मेक्सिकोचं आखात इथून. जुलै ते सप्टेंबर या काळात वारे फिरतात आणि नैऋत्य अमेरिकेत पावसाळा सुरू होतो. तिथलेही लोक त्याला मान्सूनच म्हणतात.

बिग थॉम्प्सनच्या वेळी रडार नव्हतं असं नाही. हवामान सेवेचं रडार लिमन गावी होतं, घळीपासून जवळपास दोनशे किलोमीटरवर. पृथ्वी गोल असल्यानं इतक्या अंतरावर रडारची शलाका जमिनीपासून काही किलोमीटर उंच जाते आणि ढगाचा खालचा, सर्वांत ओला भाग तिला दिसतच नाही. शिवाय ते ढग फसवे होते. त्यांचा तळ खाली होता आणि पाणी गोठण्याची पातळी बरीच वर, म्हणून पाऊस मुख्यतः ढगाच्या उबदार भागातच तयार होत होता. मोठ्या गारा नाहीत, थेंब मात्र अमाप. मैदानी वादळांच्या सवयीनं बसवलेल्या सूत्रानुसार रडारनं जो पाऊस सांगितला, तो प्रत्यक्षाच्या मानानं फारच कमी निघाला.

आज अमेरिकेत सुमारे 160 डॉप्लर रडारांचं जाळं आहे. 2011 ते 2013 या काळात त्या सगळ्यांना आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांच्या लहरी सोडायची सोय झाली, त्यामुळे समोर गार आहे की चपटा मोठा थेंब, हे ओळखता येऊ लागलं. ही सुधारणा मोठीच. तरी डोंगराआडची दरी रडारला दिसत नाही ती नाहीच.

म्हणून पर्जन्यमापक लागतो, आणि इथे फोर्ट कॉलिन्सची गोष्ट येते. बिग थॉम्प्सनच्या तोंडापासून हे विद्यापीठाचं शहर मोटारीनं अर्ध्या तासावर. 28 जुलै 1997 च्या रात्री शहराच्या नैऋत्य कडेला, डोंगरांच्या अगदी पायथ्याशी, वादळ थबकलं. त्या कडेला 31 तासांत साडेचौदा इंच, म्हणजे सुमारे 370 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहराच्या पूर्व भागात दोन इंचही नाही. स्प्रिंग क्रीक हा एरवी चिमुकला ओढा. त्याच्या पुरात पाच जण गेले. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरून चार लाखांहून अधिक ग्रंथ भिजले. शहराच्या पूर्वेला राहणाऱ्याला सकाळी वर्तमानपत्र उघडेपर्यंत काही घडल्याचं ठाऊक नसेल, इतक्या थोड्या जागेपुरती ही आपत्ती होती.

राज्याचे सहायक हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यानंतर एक कष्टाचं काम केलं. घराघरांत चौकशी करून कुणाच्या परसात किती पाणी साचलं, कुणाची बादली किती भरली, हे गोळा केलं आणि पावसाचा नकाशा काढला. एवढ्याशा शहरात पावसात इतका फरक पडतो, हे त्या नकाशानं उघडं केलं. त्यातूनच पुढच्या वर्षी, 1998 मध्ये, नागरिकांनी चालवलेलं पर्जन्यमापनाचं जाळं उभं राहिलं. ‘कोकोराझ’ या नावानं ते आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आणि कॅनडातही पसरलं आहे.

या स्वयंसेवकांच्या हातातलं उपकरण जवळून पाहावं असं आहे. दहा सेंटिमीटर तोंडाची प्लास्टिकची पारदर्शक नळकांडी, तिच्या तोंडावर नरसाळं, आत एक अरुंद नळी. आतल्या नळीचं क्षेत्रफळ नरसाळ्याच्या तोंडाच्या एक दशांश, म्हणून एक मिलिमीटर पाऊस तिच्यात दहा मिलिमीटर उंच दिसतो आणि चष्मा न लावताही वाचता येतो. एक इंच भरला की आतली नळी ओसंडते आणि पुढचं पाणी बाहेरच्या नळकांडीत उतरतं. मोठ्या पावसानंतर माणूस ते बाहेरचं पाणी पुन्हा पुन्हा आतल्या नळीत ओतून मोजतो, प्रत्येक नळीची खूण कागदावर करतो. ज्या दिवशी अकरा-बारा खुणा होतात त्या दिवशी त्याला आकडा पाहूनच धडकी भरत असेल. जोराचा पाऊस चालू असतानाच तो कळवायची सोयही या जाळ्यात आहे. तो निरोप थेट जवळच्या हवामान कार्यालयाच्या पडद्यावर उमटतो. रडार सांगतं तीस मिलिमीटर आणि परसात साठ भरलेत, अशी तफावत समजली की अंदाजकार इशाऱ्याची भाषा बदलतो.

इशारा देताना अंदाजकाराला पावसाच्या जोडीला जमिनीचीही माहिती लागते. या ओढ्यावर तासाभरात किती पाऊस पडला तर तो काठ सोडेल, तीन तासांत किती, सहा तासांत किती, हे आकडे प्रत्येक पाणलोटासाठी काढून ठेवलेले असतात आणि मातीच्या ओलाव्याप्रमाणे ते बदलत राहतात. या हिशेबाला वणवा उलथून टाकतो. झाडोरा जळताना त्यातला मेणचट अंश मातीत उतरतो आणि वरच्या थराखाली पाणी झिरपू न देणारा पापुद्रा धरतो. ताज्या जळिताच्या उभ्या उतारावर अर्ध्या तासात दहा-बारा मिलिमीटर पाऊसही राख, चिखल आणि ओंडके घेऊन खाली येऊ शकतो. 2020 मध्ये कॅमरन पीकच्या वणव्यात कोलोराडोतलं दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळलं. पुढच्याच वर्षी, 20 जुलै 2021 रोजी, त्या जळिताखालच्या पूडर नदीच्या घळीत ब्लॅक हॉलो नावाच्या ओहोळातून चिखलाचा लोंढा आला आणि चार माणसं गेली. रॉकीमध्ये एरवी सहज सोसला गेला असता, अशा पावसात हे घडलं. आता तिथे मोठा वणवा विझला की लगेच जलशास्त्रज्ञ त्या उतारांवर जातात, धोक्याच्या पावसाचे आकडे नव्यानं ठरवतात आणि ते वर्षानुवर्षं तपासत राहतात.

काही पूर असे येतात की वादळ दिसतही नाही. फोर्ट कॉलिन्सनंतर पंधरवड्यातच, 12 ऑगस्ट 1997 रोजी, ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या वालुकाश्माच्या अरुंद घळीत 11 पर्यटक वाहून गेले. वादळ तिथून अनेक किलोमीटर दूर होतं, घळीत पाऊस जवळजवळ नव्हता. माथ्यावर चिंचोळी निळी पट्टी दिसत असताना पाणी आलं. अशा ठिकाणी आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून निर्णय घेणं हीच चूक ठरते. पाहायचं असतं ते ज्या पाणलोटाच्या मुखाशी आपण उभे आहोत त्याचं आभाळ.

भारतीय वाचकाला हे सगळं वाचताना लेह आठवेल आणि ते योग्यच आहे. 5 ऑगस्ट 2010 च्या मध्यरात्री लेह आणि चोगलमसर इथे चिखलगाळाचा लोंढा आला, दोनशेहून अधिक माणसं गेली. लेहचा वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. त्या रात्री तिथल्या अधिकृत पर्जन्यमापकात भरले फक्त 12.8 मिलिमीटर, आणि काही किलोमीटरवर वस्त्या गाडल्या गेल्या. एका मापकावर विसंबून चालत नाही, याचा याहून ठळक दाखला सापडणार नाही. क्रिस्टन रासमुसेन आणि रॉबर्ट हाउझ यांनी उपग्रहाच्या नोंदी तपासून त्या रात्रीचं चित्र मांडलं. तिबेटच्या पठारावर सलग तीन दिवस दुपारी वादळं उठली, पूर्वेकडच्या वाऱ्यांनी ती पश्चिमेला लेहकडे ढकलली आणि डोंगराच्या कडेशी त्यांना खालून दमट हवा मिळाली. पहिल्या दोन दिवसांच्या पावसानं उतार आधीच भिजले होते. रॉकी आणि लडाख यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे, तरी पठाराच्या कडेला दमट हवा चढवणारा वारा हा दुवा दोन्हीकडे एकच. 2010 मध्ये लेहला डॉप्लर रडार नव्हतं. ते 2022 मध्ये आलं.

भारतीय हवामान विभाग एका तासात शंभर मिलिमीटर किंवा अधिक पाऊस छोट्या क्षेत्रात पडला तर त्याला ढगफुटी म्हणतो. बातम्यांत मात्र डोंगरात कुठेही पूर आला की ढगफुटी झाली असं सांगितलं जातं. याचं नुकसान असं, की शंभरच्या आतला पाऊस निरुपद्रवी आहे अशी समजूत होते. ब्लॅक हॉलो आणि लेह दोन्ही ठिकाणी मोजलेले आकडे याच्या उलट सांगतात.

सह्याद्रीचं काय? कोकणातून येणारा मान्सूनचा वारा घाटमाथ्यावर आठवडेच्या आठवडे पाऊस ओततो, पण तिथले बरेचसे ढग तुलनेनं ठेंगणे असतात आणि पावसाचा जोर तासांपेक्षा दिवसांत मोजावा लागतो. इथल्या ढगांचाच अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2012 मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा उभारली. गडगडाटी वादळांचा हंगाम इथे पावसाळ्याच्या दोन टोकांना येतो: एप्रिल-मेमधला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस. पुणेकरांना 25 सप्टेंबर 2019 ची रात्र विसरता येणार नाही. कात्रजच्या डोंगरांवर आणि दक्षिण पुण्यावर वादळी पाऊस कोसळला आणि कात्रजकडून येऊन मुठेला मिळणारा आंबील ओढा रात्रीतून फुगला. सीमाभिंती कोसळल्या, दावणीची गुरं आणि रस्त्यावरच्या मोटारी वाहून गेल्या, शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. डोंगर, छोटा पाणलोट, आवळलेलं पात्र आणि न हलणारं वादळ, फोर्ट कॉलिन्सचे सगळे घटक इथे हजर होते. ओढ्याच्या काठची वस्ती आणि पात्रातली बांधकामं यांनी त्यात भर घातली.

30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते वादळ नव्हे, मान्सूनचाच पाऊस होता. पण पाणी वाढायला किती कमी वेळ लागतो आणि वाढलेल्या पाण्यात मधल्या खडकावर उभं राहिलेल्या माणसाला परतीची वाट कशी उरत नाही, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. ते पाहून हळहळणं पुरेसं नाही. पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी हजारो तरुण घाटात जातात, आणि वर कुठे पाऊस चालू आहे का हे पाहून निघणारे त्यांत थोडे असतात. हवामान विभाग आता पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो, तीन-तीन तासांचे तातडीचे अंदाजही देतो. 2020 पासून भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्यासाठी अचानक पुरांची मार्गदर्शन व्यवस्थाही दिल्लीतून चालते. हे सगळं मोफत आहे, फक्त बघण्याची सवय नाही.

संगणकानं हा अंदाज किती सुधारला? बराच. 2014 पासून अमेरिकेत दर तासाला नव्यानं चालणारी, तीन किलोमीटरच्या चौकटीची प्रारूपं वापरात आहेत. वादळं किती वाजता धरतील, कोणत्या बाजूला झुकतील, हे ती पुष्कळदा अचूक सांगतात. पण घळीचा तळ काहीशे मीटर रुंद असतो. प्रारूपातलं वादळ आठ किलोमीटर इकडे-तिकडे झालं, तर हवामानशास्त्राच्या दृष्टीनं तो उत्तम अंदाज. दरीतल्या माणसाच्या दृष्टीनं मात्र पूर दुसऱ्याच नदीला आला. म्हणून प्रामाणिक अंदाजकार ठिकाण न सांगता शक्यता सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अतिवृष्टी नकाशावर दुसरी पायरी किमान पंधरा टक्क्यांची असते: तुमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत ओढे काठ सोडतील इतका पाऊस होण्याची शक्यता. पंधरा टक्के ऐकून बहुतेक जण निर्धास्त होतात. एरवीच्या कोरड्या दिवशी ही शक्यता जवळपास शून्य असते, हे लक्षात घेतलं तर तेच पंधरा टक्के मोठे वाटू लागतात. ज्याचा तंबू नदीकाठी आहे त्यानं तेवढ्यावर तंबू हलवावा, शहरात दुकानात बसलेल्यानं काही करायची गरज नाही. एकाच आकड्याचा अर्थ दोघांना वेगळा आहे आणि तो ज्यानं त्यानं काढायचा आहे. हवामान खात्यांनी लोकांना हे शिकवायला उशीर केला, असं स्पष्ट म्हणायला हवं.

आता दुसरा अभ्यास, माणसांचा. ईव्ह ग्रंटफेस्ट तेव्हा बोल्डरला कोलोराडो विद्यापीठात विद्यार्थिनी होत्या. पूर-आपत्तीच्या अभ्यासाचे आद्य पुरस्कर्ते गिल्बर्ट व्हाइट त्याच विद्यापीठात शिकवत. बिग थॉम्प्सनच्या घळीत त्या रात्री कुणी नेमकं काय केलं, कोण वाचलं, कोण गेलं, याची ग्रंटफेस्ट यांनी माणसागणिक माहिती जमवली. निष्कर्ष साधा निघाला. जे गाडी तिथेच सोडून कडेच्या उतारावर काही मीटर चढले, ते बहुतेक वाचले. जे गाडीत बसून घळीतून बाहेर पडायला निघाले, त्यांतले अनेक रस्त्यासह वाहून गेले. गाडी सोडवत नाही, सामान सोडवत नाही, आणि पूर आला की खाली गावाकडे पळावं असं वाटतं. या तिन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावातल्याच आहेत. त्यानंतर कोलोराडोच्या घळींतल्या रस्त्यांवर पूर आल्यास वर चढून जीव वाचवा, असं सांगणाऱ्या पाट्या लागल्या. पाटीवर उतार चढणाऱ्या माणसाचं साधं चित्र असतं. मोटारीबाबतचे आकडेही तिथे शाळेपासून शिकवले जातात: वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तर माणूस तोल गमावू शकतो, तीस सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू लागते, साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं.

सप्टेंबर 2013 मध्ये बिग थॉम्प्सनची घळ पुन्हा बुडाली. या वेळी एका संध्याकाळचं वादळ नव्हतं, आठवडाभराचा पाऊस होता. बोल्डरला तेवढ्यात जवळपास वर्षाचा पाऊस पडला. रस्ता पुन्हा जागोजाग खचला, शेकडो घरं गेली. मृत्यू मात्र कोलोराडोभरात मिळून दहाच्या आसपास राहिले. स्वयंचलित मापकांनी पाणी चढतंय हे वेळेत कळवलं, लोकांना आधी उठवलं गेलं आणि पूर एका तासात न येता दिवसांच्या अंतरानं चढत गेला, ही त्यामागची कारणं. यांतलं शेवटचं कारण नशिबाचं होतं. तीन तासांच्या वादळात ती सवड मिळत नाही.

या पुस्तकाची पुढची प्रकरणं या साखळीची एकेक कडी घेतात: फुगा, रडार, उपग्रह, मापक, प्रारूप, आणि शेवटी इशारा ऐकणारा माणूस. वाचकानं क्रमानंच वाचावं असं नाही. डोंगरात जाणाऱ्यानं इशाऱ्यांचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. अमेरिकेत 2012 पासून धोक्याचा इशारा त्या भागातल्या मोबाइलवर आपोआप वाजतो, पण घळीत मोबाइलला रेंज नसते. रॉकीत तशीच अवस्था आहे, ताम्हिणीत आणि वरंधा घाटातही. अशा जागी मुक्काम करायचा असेल तर उजेड असतानाच तीन गोष्टी पाहून ठेवाव्या लागतात: हा ओढा कोणत्या डोंगरावरून येतो, त्या डोंगरावर आता ढग आहे का, आणि अंधारात पायवाटेशिवाय वर चढायची सोय कोणत्या बाजूला आहे. ज्या तळाजवळ तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे जुलैच्या रात्री तंबू ठोकू नये.